गोळीनंतर खडा, की गोळीमुळे खडा?

मागच्या महिन्यात मंचरला एम.एस्सी.च्या मुलामुलींशी गप्पा मारत होतो. एकीनं विचारलं, "दादा, एचआयव्हीच्या गोळ्यांनी पित्ताशयात खडे होतात म्हणे. आपल्या जुन्नर-आंबेगावात यावर प्रोजेक्ट करता येईल का?"

प्रश्न चांगला आहे. पण आधी तो फोडून घेऊ.

‘एचआयव्हीच्या गोळ्या’ म्हणजे एकच औषध नाही. सरकारी केंद्रांत ही औषधं 1 एप्रिल 2004 पासून मोफत मिळू लागली, आणि मधल्या काळात ती बरीच बदलली. आज सुरुवातीच्या उपचारात सहसा डोल्युटेग्रॅव्हिर असतं. पित्तखड्यांची चर्चा आहे ती मुख्यतः अ‍ॅटाझानाव्हिरबद्दल. हे औषध रिटोनाव्हिरच्या छोट्या डोससोबत देतात, आपल्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्या फळीच्या उपचारात. म्हणजे प्रश्न आधीच अरुंद झाला: कोणती गोळी, आणि किती महिने?

आता शरीरात काय होतं ते बघू. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. यकृतातलं एक एन्झाइम त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देतं. अ‍ॅटाझानाव्हिर या एन्झाइमला अडवतं. म्हणून काहींचे डोळे पिवळे दिसतात, पण यकृताला सूज नसते. शिवाय हे औषध बरंचसं पित्तावाटे बाहेर पडतं आणि पाण्यात नीट विरघळत नाही. त्यामुळे पित्तात त्याचे कण साचू शकतात.

ही झाली शक्यता. पुरावा कुठाय?

2012 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अ‍ॅटाझानाव्हिर घेणाऱ्या 14 रुग्णांची नोंद छापली. त्यांना पित्तखडे होऊन गुंतागुंत झाली होती. 11 खडे तपासले, त्यातल्या 8 मध्ये खुद्द औषधच सापडलं. पुरावा जोरदार आहे, कारण खड्यातच गोळी मिळाली. पण 14 जण कितीजणांपैकी? ते या नोंदीतून कळत नाही. छेद माहीत नसेल तर धोका किती, हे सांगता येत नाही.

मग टोकियोतल्या एकाच केंद्रातून दोन अभ्यास आले. पहिल्यात त्रास देणारे खडे मोजले, तेव्हा अ‍ॅटाझानाव्हिर आणि इतर औषधांत ठळक फरक दिसला नाही. दुसऱ्यात सोनोग्राफीत दिसणारे खडे मोजले, तेव्हा दोन वर्षांहून जास्त काळ गोळी घेणाऱ्यांत ते जास्त आढळले. मग खोटं कोण? कुणीच नाही. दोघांनी मोजलेली गोष्टच वेगळी होती. पित्ताशयातले बरेच खडे आयुष्यभर गप्प बसतात.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे या. पोटात दुखल्याशिवाय सोनोग्राफीला कोण जातं? जो दवाखान्यात वारंवार येतो त्याची तपासणी जास्त होते, म्हणून त्याचेच खडे जास्त सापडतात. त्यामुळे तुलनेच्या दोन्ही गटांची सोनोग्राफी सारखीच व्हायला हवी, आणि ती करणाऱ्याला कोण कोणती गोळी घेतं हे माहीत नसावं. वय, वजन, बाळंतपणं यांचीही नोंद हवी, कारण खडे त्यांच्याशीही जोडलेले असतात.

प्रश्नावलीतला शब्द सांभाळा. आपल्याकडे ‘खडा झालाय’ म्हटलं की लोक मुतखडा समजतात. अ‍ॅटाझानाव्हिरमुळे मुतखडे झाल्याच्याही नोंदी आहेत, म्हणजे गोंधळ दुप्पट. ‘पित्ताच्या पिशवीतला खडा’ असं स्पष्ट विचारा, आणि शक्यतो रिपोर्ट बघा.

दोन तालुक्यांत दुसऱ्या फळीचे रुग्ण थोडे असणार. एवढ्यावर दर काढायला गेलात तर एका खड्यानं आकडा हलेल. पुण्यातली मोठी केंद्रं सोबत घ्यावी लागतील. आणि ‘ओतूरजवळची, चाळिशीतली, अमुक काम करणारी बाई’ एवढं लिहिलं तरी गावात ओळख पटते. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं गोपनीयता बंधनकारक आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची समजून दिलेली संमती, त्याआधी एकही फाइल उघडायची नाही.

हे सगळं इतकं जपून का? कारण तुमचं शीर्षक लोक वाचतात. ‘एचआयव्हीच्या गोळ्यांनी खडे’ एवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, की डोळे पिवळे झालेला कुणीतरी कावीळ समजून गावठी औषधाला जाईल आणि गोळ्या बंद करेल. गोळ्या थांबल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि औषधाला दाद न देणारा प्रकारही तयार होऊ शकतो. खड्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना औषध बदलूनही देता येतं. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, उलटी किंवा पिवळे डोळे दिसले तर लगेच केंद्रावर जायचं, पण गोळी मनानं सोडायची नाही.

म्हणून त्या मुलीला म्हटलं, प्रोजेक्ट जरूर कर. फक्त शीर्षकात ‘मुळे’ लिहू नकोस. सध्या ‘आणि’ लिही. ‘मुळे’ हा शब्द शेवटी कमवायचा असतो.