अपंगत्व पेन्शन: फाइल जाड, पण नेमका कागद कुठे?

अंधेरीत बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणारे, मुलुंडच्या गृहसंकुलात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून काम करणारे, बोरिवलीला मुलाकडे राहायला आलेले असे माजी सैनिक उपनगरांत पुष्कळ आहेत. कुणाचा गुडघा नोकरीतच गेलेला असतो, कुणाला तोफखान्यात राहून कमी ऐकू येते, कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या युनिटमध्ये असतानाच सुरू झालेल्या असतात. 'आपल्याला डिसअ‍ॅबिलिटी बसते का हो?' असे विचारायला ते येतात तेव्हा हातात एक फुगलेली पिशवी असते. तिच्यात खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, घाटकोपरच्या लॅबमधले रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म असे सगळे असते, फक्त दाव्याला लागणारा कागद बहुधा नसतो. कारण आज किती दुखते, हा या दाव्यात दुय्यम प्रश्न आहे. दुखणे कधी, कुठे आणि कशामुळे सुरू झाले, हे आधी पाहिले जाते आणि त्याचे उत्तर सेवेच्या काळातच कुणीतरी लिहून ठेवलेले असते.

'गोळी लागली असेल तरच मिळते'

हा सगळ्यांत जुना गैरसमज. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशात मृत्यू आणि अपंगत्वाचे ए ते ई असे पाच वर्ग केले आहेत. शत्रूच्या कारवाईत किंवा युद्धात झालेली इजा शेवटच्या वर्गात येते आणि तिला युद्धजखमी पेन्शन असते. पण सेवेच्या परिस्थितीमुळे जडलेला किंवा वाढलेला आजार 'बी'मध्ये आणि ड्यूटीवरचा अपघात 'सी'मध्ये येतो. या दोन्हींना अपंगत्व पेन्शन आहे. पीटीत मोडलेला पाय असो की सरकारी गाडी उलटून दुखावलेला मणका, त्यासाठी सीमेवर असण्याची गरज नाही.

सुट्टीचे मात्र वेगळे आहे. फौजी चोवीस तास ड्यूटीवर असतो असे आपण म्हणतो, पण गावाला सुट्टीवर असताना स्वतःच्या कामाला जाताना स्कूटर घसरली तर ती इजा सेवेशी जोडलेली धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जुझार सिंग यांच्या प्रकरणात हेच सांगितले. सरकारी खर्चाने प्रवासाचा हक्क असताना सुट्टीसाठी घरी जाताना किंवा युनिटला परतताना अपघात झाला, तर तो ड्यूटीत धरता येतो. म्हणून रेल्वे वॉरंट, सुट्टीचा दाखला, मूव्हमेंट ऑर्डर हे फाटके कागद एमआरआयपेक्षा मोलाचे ठरतात. जोडीला दोन कागद हवेतच: इजेचा अहवाल, म्हणजे आयएएफवाय-२००६, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिचा निष्कर्ष.

'पीस स्टेशनला झालेला बीपी-शुगर धरत नाहीत'

मेडिकल बोर्ड असे लिहिते, हे खरे. पण बोर्डाने लिहिले म्हणजे विषय संपला, असे नाही. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असे धरायचे. नंतरचा बिघाड सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. मे २०२५ मध्ये राजुमोन यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कारणे न देता दिलेल्या बोर्डाच्या मताच्या आधारे पेन्शन नाकारता येणार नाही, असे बजावले. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका निवृत्त सुभेदारांच्या मधुमेहाच्या प्रकरणात, आजार शांत ठाण्यावर सुरू झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे म्हटले.

यावरून 'आता सगळ्यांना मिळणारच' असा उलटा गैरसमज सोसायटीच्या बाकावर पसरलेला दिसतो. तो तितकाच घातक आहे. २०१९ मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजाराचा दावा नाकारला होता. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून पात्रतेचे नवे नियम आले आहेत. तुम्हाला कोणते नियम लागू, हे सेवेतून बाहेर पडल्याच्या तारखेवरून ठरते. शेजारच्याला मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेल, हा हिशेब करण्याआधी दोघांच्या डिस्चार्ज बुकातल्या तारखा ताडून पाहाव्यात.

'अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढलेय की, मग काय!'

राजावाडी किंवा कूपरसारख्या महापालिका रुग्णालयातून मिळणारे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली असते. प्रवास सवलत, आरक्षण, सरकारी योजना यांसाठी ते जरूर काढावे. लष्करी पेन्शनची टक्केवारी मात्र लष्करी मेडिकल बोर्डच ठरवते. महापालिकेच्या रुग्णालयाने ५५ टक्के लिहिले आणि बोर्डाने २०, तर पेन्शनसाठी २०च.

हा बोर्डाचा कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६. निवृत्तीच्या वेळचे रिलीज मेडिकल बोर्ड असो की आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवतानाचे इनव्हॅलिडिंग बोर्ड, फॉर्म हाच. बहुतेकांनी तो घाईघाईत सही करून दिलेला असतो, वाचलेला नसतो. तो आता शांतपणे वाचावा. सुरुवातीला तुमचे स्वतःचे निवेदन असते: कुठे कुठे पोस्टिंग झाली, भरतीआधी काही त्रास होता का, आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे जाणवला. पुढे कमांडिंग ऑफिसरकडून तुमच्या कामाचे स्वरूप आलेले असते. मग बोर्डाचे मत: प्रत्येक आजारापुढे तो सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, की दोन्ही नाही. त्या 'नाही'च्या शेजारी कारण काय लिहिले आहे, तिथे पेन्सिलने खूण करावी. एका ओळीचे ठोकळेबाज कारण असेल किंवा जागा कोरी असेल, तर अपील तिथूनच सुरू होते. शेवटी टक्केवारी, आणि ती तात्पुरती की आयुष्यभरासाठी.

निवेदनातली पोस्टिंगची यादी डिस्चार्ज बुकशी जुळवून पाहणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगाचे काम. सियाचीनची पोस्टिंग गाळली गेली असेल आणि रक्तदाब त्यानंतर सहा महिन्यांत सुरू झाला असेल, तर दाव्याचा कणाच गायब झाला म्हणायचा. मधल्या काळात लो मेडिकल कॅटेगरीत टाकले असेल, तर त्या प्रत्येक वेळचा एएफएमएसएफ-१५ सुद्धा मागवावा. आजाराची वर्षागणिक वाटचाल त्यातच दिसते.

हे कागद तुमच्या घरी नसले तरी रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. नौदलातल्यांची सोय अशी की खलाशांची नोंद ठेवणारा कमोडोर ब्यूरो ऑफ सेलर्स मानखुर्दच्या चीता कॅम्पला, म्हणजे आपल्याच उपनगरात आहे. हवाई दलाचे रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रतो पार्कला. आधी साधे पत्र धाडावे. दाद लागली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्ज ऑनलाइन करता येतो. आर्मी नंबर, रँक, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख देऊन नेमके मागावे: मेडिकल बोर्डाच्या कामकाजाची पूर्ण प्रत आणि दावा फेटाळल्याचे पत्र. 'माझी सर्व कागदपत्रे द्या' असा मोघम अर्ज टोलवायला सोपा असतो.

'२० टक्के म्हणजे पगाराच्या २० टक्के'

नाही. १०० टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. अखेरचे वेतन ५०,००० रुपये धरले, तर १०० टक्क्यांना १५,००० आणि २० टक्क्यांना ३,००० होतात. पण इथे ब्रॉडबँडिंग आहे. ५० च्या आतले अपंगत्व ५० धरायचे, ५० ते ७५ मधले ७५ आणि त्यावरचे १००. त्यामुळे तेच २० टक्के ५० होतात आणि महिन्याला ३,००० ऐवजी ७,५०० मिळतात, वर महागाई सवलत वेगळी. १९९६ पासून हा लाभ इनव्हॅलिड होऊन आलेल्यांना होता. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात ठरवले. पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, काढून बघा. त्यावर अजून २० किंवा ३० असा कच्चा आकडा असेल, तर विचारायला हवे.

निवृत्तीच्या वेळी २० च्या खाली टक्केवारी असेल, तर मात्र अपंगत्वाचा भाग मिळत नाही.

'सिक्युरिटीत नोकरी करतो, म्हणजे बंद होईल'

होत नाही. नोकरी लपवण्याचे काही कारण नाही. 'स्वतःहून लवकर निवृत्ती घेतली म्हणून हक्क गेला' हेही आता खरे नाही; २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने १ जानेवारी २००६ नंतर बाहेर पडलेल्यांना आणि २०१७ मध्ये त्याआधीच्यांनाही वाट मोकळी झाली.

'स्पर्शवर नाव जुळत नाही, पैसे देऊन कुणाकडून करून घेऊ'

मराठी माणसाच्या फाइलला हा खास जडलेला रोग. फौजेत आडनाव आधी लिहिले गेले, वडिलांचे नाव कधी 'बाबू' तर कधी 'बाबूराव', आधारवर क्रम उलटा, बँकेत नुसती आद्याक्षरे. संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन स्पर्श प्रणालीत ही तीन नावे म्हणजे तीन माणसे. उपाय असा की मूळ लष्करी नोंद बरोबर असेल, तर आधार आणि पॅन तिच्याप्रमाणे करून घ्यावे. लष्करी नोंदच चुकली असेल, तर रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती आणि मग सुधारित पीपीओ. पत्नीचे नाव आणि जन्मतारीखही याच वेळी तपासावी. कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या वेळी ही चूक निस्तरायला तुम्ही नसता.

या कामासाठी थकबाकीत टक्का मागणारे लोक उपनगरांत भेटतात. मुंबई उपनगर जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय शहराच्या कार्यालयापासून वेगळे आहे आणि तिथे मार्गदर्शनाला पैसे लागत नाहीत. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळू शकतो. जुलै २०२५ मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिक कल्याण कार्यालयांतच कायदेशीर मदत पोहोचवण्याची कल्पना आहे. वकील जरूर करावा, पण मूळ एएफएमएसएफ-१६ कुणाच्याही हाती देऊ नये, फोटोकॉपी द्यावी.

'नकाराचे पत्र आले, आता काय उरले?'

नकारानंतर सहा महिन्यांत पहिले अपील, तेही फेटाळले तर दुसरे आणि मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईतच आहे, दिल्लीला खेपा घालाव्या लागत नाहीत. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत तिथे जायचे. अपिलावर सहा महिने उत्तरच आले नाही, तरी पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणाचे दार उघडे असते. म्हणून अपील स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. 'उत्तर आले नाही' हे तीच सिद्ध करते.

वर्षे उलटून गेलेल्यांनीही हात टेकू नयेत. पेन्शन न मिळणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय धरला जातो, त्यामुळे जुना दावाही ऐकला जाऊ शकतो. पण २००८ मध्ये तरसेम सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उशिरा येणाऱ्यांची थकबाकी दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली. १९९५ ला सुटलेला माणूस आज उठला, तर मधल्या वर्षांचे पैसे बुडू शकतात. आणि ज्यांना कसलीच पेन्शन नाही, त्यांनी तर अधिक घाई करावी: पेन्शन नसलेल्यांचे कागद रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षांनी नष्ट करते. तशी वेळ आली असेल, तर कागद नष्ट केल्याचे लेखी उत्तर मागून घ्यावे आणि डिस्चार्ज बुक, लष्करी इस्पितळाचा डिस्चार्ज कागद, त्या काळची पत्रे यांवर दावा उभा करावा.