रोटरी हॅमर ड्रिलचा चक व बिट बदलणे

रोटरी हॅमर ड्रिल हे काँक्रीट, दगड व विटकाम यांत भोके पाडण्यासाठी वापरले जाणारे, विजेवर चालणारे हातयंत्र आहे. यंत्राच्या पुढच्या टोकाला असलेल्या पकडीस चक म्हणतात आणि त्या पकडीत बसवल्या जाणाऱ्या, प्रत्यक्ष भोक पाडणाऱ्या पोलादी अवजारास बिट म्हणतात. भोकाचा व्यास बदलला की बिट बदलावे लागते; लाकूड किंवा लोखंड यांत भोक पाडायचे असल्यास चकही बदलावा लागतो. दिवसभराच्या कामात ही अदलाबदल अनेकदा होते आणि त्या प्रत्येक वेळी कारागिराची बोटे यंत्राच्या फिरणाऱ्या भागावरच असतात. म्हणून प्लग काढून यंत्राचा वीजपुरवठा तोडणे ही या कामाची पहिली अट होय.

परभणी जिल्ह्यातील संदर्भ

मराठवाड्यातील परभणी जिल्हा दख्खनच्या लाव्हाजन्य खडकावर वसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून तयार झालेला बेसाल्ट, म्हणजेच काळा पाषाण, येथील काळ्या मातीखाली व मुरमाखाली आढळतो. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील प्राचीन मंदिरे दगडी बांधकामाची आहेत. गावोगावच्या जुन्या घरांच्या जाड भिंतीही दगड-मातीच्या असत. अशा दगडात भोक पाडण्याचे काम पूर्वी छिन्नी, सुतकी व पहार यांनी होत असे. आता विजेची फिटिंग, नळजोडणी, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे इत्यादी कामांसाठी विजतंत्री, नळ कारागीर व गवंडी रोटरी हॅमर ड्रिल वापरतात. कठीण दगडात व काँक्रीटमध्ये बिट लवकर तापते आणि झिजते. त्यामुळे ते वारंवार काढावे लागते.

इतिहास

चावीने आवळण्याचा तीन जबड्यांचा चक अमेरिकेतील आर्थर आयर्व्हिंग जेकब्स यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांना १९०२ साली त्याचे एकस्व मिळाले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९३२ साली हातोड्याचे ठोके देणारे विजेचे ड्रिल बाजारात आणले. जबड्यांच्या चकात ठोक्यांमुळे बिट सैल होई. ही अडचण १९७५ च्या सुमारास पुढे आलेल्या एसडीएस पद्धतीने दूर झाली. हे नाव ‘श्टेक, ड्रे, झिट्स्ट’ या जर्मन शब्दांवरून आले आहे. ‘घाला, फिरवा, बसले’ असा त्यांचा अर्थ होतो.

रचना

साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून हलके ठोके निर्माण होतात. रोटरी हॅमर ड्रिलमध्ये दट्ट्या नळकांड्यातील हवा दाबतो, त्या हवेच्या दाबाने आतला ठोकळा पुढे फेकला जातो आणि तो बिटच्या मागच्या टोकावर आदळतो. म्हणून या यंत्रातील बिट घट्ट आवळलेले नसते. ते चकात सुमारे १ सेंटिमीटर पुढे-मागे सरकते. हे सरकणे दोष नसून यंत्राच्या रचनेचाच भाग आहे.

एसडीएस-प्लस बिटच्या दांड्याचा व्यास १० मिलिमीटर असतो व त्यावर चार खाचा असतात. त्यांपैकी दोन उघड्या खाचा बिटला फिरवतात, तर दोन बंद खाचांत अडकलेल्या पोलादी गोळ्या त्याला बाहेर पडू देत नाहीत. मोठ्या यंत्रांसाठीच्या एसडीएस-मॅक्स बिटचा दांडा १८ मिलिमीटर व्यासाचा असून त्यावर तीन उघड्या व दोन बंद खाचा असतात. हे दोन प्रकार एकमेकांच्या चकात बसत नाहीत.

वीजपुरवठा तोडणे

खटका सोडल्याने यंत्र थांबते, पण त्याचा वीजपुरवठा तुटत नाही. शिडीवर किंवा मचाणावर असलेल्या कारागिराचे यंत्र बहुधा खाली ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डाला जोडलेले असते. अशा वेळी बोर्डाचे बटण दुसऱ्याच कोणाकडून दाबले जाण्याचा संभव असतो. त्यामुळे केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. प्लग सॉकेटमधून काढून तो दिसेल असा ठेवावा लागतो.

खंडित वीजपुरवठा हा याहून फसवा धोका आहे. अनेक यंत्रांत खटका दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवणारे छोटे बटण असते. काम चालू असताना वीज गेली तर यंत्र थांबते, परंतु खटका अडकलेलाच राहतो. त्या विश्रांतीत बिट बदलण्यास घेतले आणि तेवढ्यात वीज परत आली, तर यंत्र हातातच फिरू लागते. म्हणजे वीज जाणे आणि यंत्र सुरक्षित होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वीज जाताच प्रथम खटका मोकळा करून प्लग काढणे आवश्यक असते. काही यंत्रांत वीज परतल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असते. तरीही प्लग काढण्याचा नियम त्यांनाही लागू होतो. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची बॅटरी काढून ठेवतात.

बिट बदलण्याची कृती

१. यंत्र पूर्ण थांबल्यावर प्लग काढावा.

२. चकाचे कडे मागे ओढून बिट सरळ बाहेर काढावे. नुकतेच वापरलेले बिट त्वचा भाजण्याइतके तापलेले असते. परभणीत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, त्यामुळे ते निवण्यास अधिक वेळ लागतो. काढताना जाड हातमोजा किंवा कापड वापरावे. चालू यंत्राजवळ मात्र सैल हातमोजे घालू नयेत, कारण ते बिटभोवती गुंडाळले जातात.

३. नव्या बिटचा दांडा पुसून त्यावर ग्रीसचा पातळ थर द्यावा. दांड्यावरची धूळ चकात गेल्यास आतील भाग झिजतात.

४. बिट किंचित फिरवत, खाचा जुळून ते अडकेपर्यंत आत ढकलावे.

५. बिट हाताने बाहेर ओढून पाहावे. ते थोडे सरकले पण निघाले नाही, तर नीट बसले आहे असे समजावे. ओढताच निघून आल्यास ते पुन्हा बसवावे. तरीही अडकत नसेल, तर चक किंवा बिटचा दांडा झिजलेला असतो व ते वापरू नये.

बिट भिंतीतच अडकल्यास, उदाहरणार्थ काँक्रीटमधील सळईत रुतल्यास, यंत्र हिसडू नये. प्लग काढून, कडे मागे ओढून यंत्र बिटपासून वेगळे करावे व नंतर बिट पान्याने फिरवून सोडवावे.

चक बदलणे

लाकूड व धातू यांसाठीच्या गोल दांड्याच्या बिटना तीन जबड्यांचा चक लागतो. काही यंत्रांत पुढचा संपूर्ण चक कडे फिरवून काढता येतो. इतरांत एसडीएस दांडा असलेला जोडचक बिटप्रमाणेच बसवतात. दोन्ही प्रकारांत निवडखटका ‘फक्त फिरणे’ या स्थितीत ठेवणे बंधनकारक असते, कारण ठोक्यांमुळे जबडे सैल होतात, बिट निसटते आणि चक निकामी होतो. निवडखटका यंत्र थांबल्यावरच फिरवावा.

जबड्यांचा चक आवळताना बिट मध्यभागी धरून, चावी तिन्ही भोकांत आळीपाळीने लावून आवळतात. चकात विसरलेली चावी यंत्र सुरू होताच वेगाने फेकली जाते. यावर उपाय म्हणून चावी यंत्राच्या वायरला, प्लगच्या अगदी जवळ बांधून ठेवण्याची पद्धत आहे. दोरी आखूड असल्याने प्लग काढल्याखेरीज चावी चकापर्यंत पोहोचत नाही. एकाच सवयीने दोन्ही धोके टळतात.

आट्यांवर बसवलेल्या चकाच्या आत, जबड्यांच्या मधोमध, बहुधा उलट्या आट्यांचा स्क्रू असतो. जबडे पूर्ण उघडून तो उजवीकडे फिरवून काढावा लागतो. त्यानंतर चक डावीकडे फिरवून निघतो. हा स्क्रू न काढता चकावर जोर लावल्यास आटे बिघडतात.

काम पुन्हा सुरू करताना

प्लग लावण्यापूर्वी खटका मोकळा आहे, चावी काढलेली आहे व बाजूची मूठ घट्ट आहे हे पाहतात. बिट सळईत अडकल्यास संपूर्ण यंत्र फिरू पाहते व मनगटाला पीळ बसतो. बाजूची मूठ तो झटका पेलण्यासाठीच असते. डोळ्यांसाठी चष्मा आणि धुळीसाठी मास्क वापरावा, कारण काँक्रीट व विटांच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते. दगड-मातीच्या जुन्या भिंतींत ठोक्यांनी दगड सुटण्याची शक्यता असते. तेथे लहान बिटने, कमी जोराने सुरुवात करणे योग्य ठरते.