हरला तो घरी? कबड्डीचे सामने लावण्यापूर्वी

यात्रा जवळ आली की गावातली तरुण मंडळी वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन निघतात. फक्कीने मैदान आखले जाते आणि कबड्डीचे सामने जाहीर होतात. ढाल कोणाच्या नावाची, पहिले बक्षीस कोणाकडून, यावर चार बैठका होतात. सामने लावायचे कसे, हे मात्र पाच मिनिटांत ठरते : चिठ्ठ्या टाका, हरला तो घरी!

या बाद पद्धतीत सोय आहे, हे खरे. १६ संघ आले तर १५ सामन्यांत निकाल लागतो. पण वाचकहो, शेवगावहून राहुरीला टेम्पो करून आलेल्या पोरांचा विचार करा. कांद्याची काढणी दुसऱ्यावर सोपवून ती आलेली असतात आणि ४० मिनिटांच्या एका खेळात त्यांची यात्रा संपते. त्यात पहिल्याच चिठ्ठीत दोन तगडे संघ समोरासमोर आले, तर अंतिम सामना सकाळीच होऊन गेला म्हणायचा!

जगातल्या मोठ्या स्पर्धांतही हाच पेच असतो. २०१६ साली अहमदाबादला कबड्डीची विश्वचषक स्पर्धा झाली. १२ देश आले होते. ७ ऑक्टोबरला, पहिल्याच दिवशी, दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असे हरवले. बाद पद्धत असती तर कबड्डीचे माहेरघर त्याच रात्री बाहेर पडले असते. पण सहा-सहा संघांचे दोन गट करून गटात साखळी ठेवली होती. भारताने उरलेले चारही सामने जिंकले, उपांत्य फेरीत थायलंडला आणि अंतिम सामन्यात इराणला ३८-२९ असे हरवून चषक घरीच ठेवला. कोरियावर यात अन्याय झाला का? मला तसे वाटत नाही. कोरिया गटात पहिला आला होता. उपांत्य फेरीत त्याला इराणने हरवले.

सगळ्यांशी सगळे खेळवले असते तर ६६ सामने लागले असते. गट केल्याने ते ३३ वर आले.

मार्च २०२४ मध्ये नगरच्या वाडिया पार्कवर पुरुषांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा झाली. तिथेही आधी गटसाखळी आणि मग बाद फेरी अशीच रचना होती.

साखळीतही एक खोड आहे. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा गटातला शेवटचा सामना होता. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर पडणार, हे आधीच ठाऊक होते, कारण अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपले होते. जर्मनीने लवकर एक गोल केला आणि मग दोघांनी नुसता वेळ काढला. त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी सुरू करण्याचा नियम आला.

तेव्हा तुम्ही मैदाने दोन आखा. गेल्या वर्षीचे पहिले चार संघ वेगवेगळ्या गटांत घाला. चिठ्ठ्या बाकीच्यांच्या टाका. १६ संघांचे चार गट आणि प्रत्येक गटातून दोन संघ पुढे, असे केले तर ३१ सामने होतात. त्याला दोन दिवस हवेत आणि दोन दिवसांचे जेवणही. यात्रा एकाच दिवसाची असेल तर आठच संघ बोलवा. चार-चारचे दोन गट, मग उपांत्य आणि अंतिम फेरी. सामने तितकेच, १५. पण प्रत्येक संघ निदान तीनदा मैदानात उतरेल.