शाया की शाळा?

"आई, तुमच्या बचतगटाची मीटिंग मी रेकॉर्ड करू का?" दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या लेकीनं विचारलं. ती पुण्यात भाषाशास्त्र घेऊन बी.ए. करते. शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा असतो. 'खानदेशातल्या बायकांची बोली' असा विषय घेऊन ती मार्गदर्शक बाईंकडे गेली, तर त्या हसल्याच. म्हणाल्या, "अगं, एवढ्यात तीन पीएच.डी. होतील! एकच गोष्ट धर." मग विषय आटत आटत एका अक्षरावर आला. ते अक्षर म्हणजे 'ळ'.

आमच्या अहिराणीत मराठीतल्या 'ळ'च्या जागी बहुधा 'य' येतो. डोळ्याला डोया, काळ्याला काया आणि शाळेला शाया. कोणती बाई कुणाशी बोलताना 'य' म्हणते आणि कुठे 'ळ', एवढंच तिला मोजायचं होतं.

"मग विचार ना सरळ," मी म्हटलं.

"सरळ विचारलं की माणूस सावध होतो, आई." मग तिनं विल्यम लबॉव्ह या अमेरिकन अभ्यासकाची गोष्ट सांगितली. १९६२ साली तो न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेला. चौथ्या मजल्यावर काय मिळतं हे आधी बघून ठेवलं आणि खालच्या विक्रेत्यांना त्याच वस्तूचा पत्ता विचारला. उत्तर यायचं, 'फोर्थ फ्लोअर'. त्यातला 'र' कोण उच्चारतं, कोण गिळतं, हे त्यानं गुपचूप टिपलं. महागड्या दुकानात 'र' जास्त, स्वस्त दुकानात कमी! म्हणजे आपण कुणापुढे उभे आहोत, हे जिभेला बरोबर कळतं.

सगळ्या बायकांची परवानगी घेऊन, कुणाचंही नाव लिहिणार नाही असं सांगून, तिनं मीटिंगमध्ये मोबाइल ठेवला. रात्री कानाला हेडफोन लावून एकेक शब्द वहीत उतरवत बसली. तासाभराच्या बोलण्याला तीन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री मला हाक मारली. "आई, हे ऐक."

आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींचा आवाज होता. "मनी नातले शायामा..." आणि मध्येच माझा आवाज. "मावशी, शायामा नाही, शाळेत म्हणा. वहीत नीट लिहावं लागतं." पुढे मावशी गप्प.

"यानंतर आजी एक शब्दही बोलल्या नाहीत," लेक म्हणाली. तिच्या बोलण्यात रागबिग काही नव्हता. ती फक्त मोजत होती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मैत्रिणींनो, अठराव्या वर्षी पुण्याच्या होस्टेलवर मी सहज म्हणाले होते, "माझा डोया दुखतोय." पुढे महिनाभर मुली मला 'डोया' म्हणूनच हाक मारत होत्या. त्या महिन्यात मी जिभेला असं वळण लावलं की लेकीलाही कधी अहिराणी बोलू दिली नाही. समाजकार्य करते म्हणून मिरवणारी मी, होस्टेलवरच्या त्या मुलींसारखीच तर वागले होते.

आणि अहिराणी म्हणजे काही बिघडलेली मराठी नव्हे. ग्रियर्सनसाहेबानं भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांबरोबर ठेवलं. २०११ च्या जनगणनेतही खानदेशीची नोंद मराठीहून वेगळी आहे. आमचं 'शे' गुजरातीच्या 'छे'जवळचं. हे सगळं मला पोटच्या पोरीकडून कळलं.

पुढच्या मीटिंगला मी मावशींच्या शेजारी जाऊन बसले. "बोल व माय, तू काय म्हनस?" कितीतरी वर्षांनी चारचौघांत अहिराणी बोलत होते, आवाज जरा कापलाच. मावशींनी पदर सारखा केला. "मनी नातले शायामा धाडानं शे. पन पैसा नही."

नातीच्या फीसाठी कर्ज हवं होतं त्यांना! महिनाभर ते शब्द तोंडात तसेच राहिले होते, कारण मी त्यांचा 'य' दुरुस्त करत बसले होते. कर्ज त्याच दिवशी मंजूर झालं.

लघुप्रबंध जमा करण्याआधी लेकीनं मला त्यातला तक्ता दाखवला. त्यात मीही आहे, अर्थात नावाशिवाय. 'निवेदक क्र. ७, स्त्री, वय ४६, पदवीधर. बहिणीशी फोनवर य, मीटिंगमध्ये ळ.'

मी म्हटलं, "अगं, आता मीटिंगमध्येही य असतो. बदल की ते."

"नाही बदलता येत," ती हसली. "जे ऐकलं, तेच लिहायचं असतं."