जमिनीचा कस आणि तिचे हिरवे आच्छादन

उष्ण कटिबंधातील घनदाट अरण्य पाहणाऱ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे की, जिच्यावर एवढी झाडी माजली आहे ती जमीन अत्यंत कसदार असली पाहिजे. ह्याच समजुतीने गेल्या दोन शतकांत अनेक देशांत विस्तीर्ण अरण्ये तोडून तेथे शेते करण्यात आली. पहिल्या एक-दोन हंगामांत पीक उत्तम येई; परंतु तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून उत्पन्न झपाट्याने घटे आणि शेवटी ती जमीन तणांच्या स्वाधीन करावी लागे. जी जमीन अरण्याला शतकानुशतके पोसत आली, ती पिकाला चार वर्षेही पोसू शकू नये, असे का व्हावे? ह्या प्रश्नाचे उत्तर त्या जमिनीच्या घडणीत आणि तिच्यावरील वनस्पतींच्या जीवनक्रमात सापडते. ते ध्यानी घेतल्यावाचून आपल्या देशाच्या ईशान्य भागातील झूम शेतीचाही नीट उलगडा होत नाही.

तांबड्या मातीची घडण

खडक झिजून माती होते हे सर्वश्रुत आहे. परंतु जेथे बारमाही उष्णता असते आणि पाऊसही विपुल पडतो, तेथे ही झीज फार खोलवर जाते. हजारो वर्षे जमिनीत मुरणारे पाणी चुना, मॅग्नेशियम आणि पालाश ह्यांसारखी सहज विरघळणारी द्रव्ये वाहून नेते. मागे उरतात ती मुख्यतः लोखंडाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिनाइट नावाची चिकणमाती. लोखंडाच्या ऑक्साइडांमुळेच ह्या मातीला तांबडा अथवा पिवळसर रंग येतो. अशी माती बहुधा आम्लधर्मी असते. आम्लता फार वाढली की ॲल्युमिनियम पाण्यात उतरते व कोवळ्या मुळांची वाढ खुंटविते. शिवाय लोखंड व ॲल्युमिनियम ह्यांची ऑक्साइडे स्फुरदाला असे घट्ट धरून ठेवतात की, ते मातीत असूनही पिकाच्या हाती लागत नाही.

ह्याच प्रक्रियेचा एक टोकाचा प्रकार म्हणजे जांभा दगड. १८००-१८०१ साली दक्षिण भारतात प्रवास करताना फ्रान्सिस बुकॅनन ह्या स्कॉटिश वैद्याने मलबारमधील अंगडीपुरम येथे हा दगड पाहिला. तो जमिनीत ओला असताना हत्याराने सहज कापता येई आणि हवेत उघडा पडला की कठीण होई. लोक त्याच्या विटा करून घरे बांधीत. म्हणून बुकॅनन ह्याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात, ‘वीट’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. कोकणातील चिरे ह्याच जांभ्याचे असतात. अरण्य तोडले की सर्वच तांबडी जमीन दगड बनते, अशी भीती एके काळी व्यक्त केली जाई. ती मात्र अतिशयोक्त ठरली आहे. अशी दगडासारखी कठीण होणारी जमीन उष्ण कटिबंधात थोडीच आहे.

पोषकद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती सर्व मातींत सारखी नसते. पालाश, चुना इत्यादी द्रव्यांचे कण घनविद्युतभारित असतात, तर चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो. म्हणून ती द्रव्ये मातीला चिकटून राहतात. दख्खनच्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती विपुल आहे. केओलिनाइटची धारणशक्ती एक मानली, तर ढोबळ मानाने स्मेक्टाइटची दहा आणि पालापाचोळा कुजून बनलेल्या काळसर कुथित द्रव्याची वीस भरेल. तात्पर्य, तांबड्या मातीत द्रव्ये धरून ठेवण्याचे बरेचसे काम खनिजांकडून होत नसून वरच्या पातळ थरातील कुथित द्रव्याकडून होत असते. तो थर गेला की मातीची साठवण्याची शक्तीही गेली.

अर्थात् उष्ण कटिबंधातील सर्वच जमिनी निकस आहेत असे नव्हे. जावा बेटावरील ज्वालामुखीजन्य माती अथवा मोठ्या नद्यांच्या गाळाची माती ह्या सुपीक म्हणून प्रसिद्धच आहेत. येथील विवेचन प्रामुख्याने पावसाने धुतलेल्या जुन्या तांबड्या जमिनींना लागू पडते.

अरण्याचा व्यवहार

अशा जमिनीवर अरण्य जगते ते साठ्यावर नव्हे, तर फिरत्या भांडवलावर. पाने, फांद्या व फुले गळून खाली पडतात. उष्णता आणि ओल ह्यांमुळे वाळवी, गांडुळे, बुरश्या व सूक्ष्म जंतू त्यांचा झपाट्याने फडशा पाडतात. थंड प्रदेशातील सूचिपर्णी अरण्यात जो पाचोळा कुजण्यास कित्येक वर्षे लागतात, तसा पाचोळा येथे बहुधा वर्षभरात नाहीसा होतो. त्यातून मोकळी झालेली द्रव्ये पावसाने वाहून जाण्यापूर्वीच मुळांचे दाट जाळे शोषून घेते. ह्या कामी मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरश्यांचे साहाय्य होते. विशेषतः दुर्मिळ असे स्फुरद मिळविण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे अन्नद्रव्यांचा बराच मोठा भाग कोणत्याही वेळी मातीत नसून वनस्पतींच्या देहात असतो.

झाडांचे आणखी एक कार्य आहे. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो. उघड्या मातीवर तो आदळला की तिचे कण फुटून सुटे होतात, बारीक छिद्रे बुजतात आणि वर एक कवच धरते. मग पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते व वाहताना नेमका वरचा कसदार थर घेऊन जाते. पानांचे छत्र आणि जमिनीवरील पाचोळा हा आघात सोसतात. ह्यांपैकी जमिनीलगतच्या पाचोळ्याचे महत्त्व अधिक आहे. कारण उंच झाडाच्या पानांवरून ओघळणारे थेंब मोठे होऊन पुन्हा वेगाने खाली पडतात.

झूम शेतीचे गणित

आता ईशान्य भारतातील झूम शेतीकडे वळू. हीच पद्धत ओडिशा व आंध्र प्रदेश ह्यांच्या डोंगराळ भागांत पोडू, मध्य प्रदेशातील बैगा लोकांत बेवर आणि पश्चिम घाटात कुमरी ह्या नावांनी ओळखली गेली. हिवाळ्यात डोंगरउतारावरील झाडी तोडतात, ती वाळू देतात आणि पावसाळ्यापूर्वी पेटवितात. राखेत चुना, पालाश व मॅग्नेशियम असते. त्यांमुळे मातीची आम्लता काही काळ कमी होते आणि पिकाला तयार अन्न मिळते. नत्र आणि गंधक ह्यांचा मोठा भाग मात्र धुराबरोबर निघून जातो. मग त्याच शेतात भात, मका, तीळ, भोपळा, मिरची अशी अनेक पिके मिसळून घेतात. एक-दोन वर्षांनी शेत सोडून देतात व दुसरीकडे वळतात. सोडलेल्या जागी प्रथम तण, मग बांबू व झुडपे आणि शेवटी झाडे वाढून गेलेला कस भरून काढतात.

परदेशी अंमलदारांनी ह्या पद्धतीची निव्वळ नासधूस म्हणून संभावना केली होती. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थितिविज्ञानाचे अभ्यासक पी. एस. रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मेघालयात जी मोजमापे केली, त्यांवरून वेगळा निष्कर्ष निघाला. पडीचा काळ पुरेसा मोठा असेल तर जमीन सावरते. निदान दहा वर्षांची विश्रांती तिला मिळावयास हवी. पूर्वी ही विश्रांती वीस-तीस वर्षांची असे. पुढे लोकसंख्या वाढली, वापरता येण्याजोगी जमीन कमी झाली आणि अनेक ठिकाणी हा काळ चार-पाच वर्षांवर आला. एवढ्या अवधीत झाडे उभीच राहत नाहीत. रानमोडीसारखी तणे तेवढी माजतात. जाळावयास लाकूड थोडे, म्हणून राख थोडी. राख थोडी, म्हणून पीक थोडे. आणि पीक थोडे, म्हणून पुन्हा लवकर त्याच जागी येणे भाग पडते. ह्यात शेतकऱ्याचे अज्ञान शोधणे व्यर्थ आहे. पडीचे महत्त्व तो चांगले जाणतो. त्याला तेवढी जमीन उपलब्ध नाही, ही खरी अडचण आहे.

चक्र राखण्याचे उपाय

ह्या अडचणीवर एक उपाय नागालँडमधील खोनोमा गावच्या अंगामी शेतकऱ्यांनी फार पूर्वीच शोधून काढला. तेथील उतारांवर आल्डर अथवा उतीस नावाची झाडे जोपासतात. ती मुळापासून न तोडता माणसाच्या उंचीच्या आसपास छाटतात व बुंध्यांमधील जागेत पिके घेतात. आल्डरच्या मुळांवरील गाठींत राहणारे फ्रँकिया नावाचे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जमिनीत आणतात. छाटलेल्या बुंध्याला पुन्हा फांद्या फुटतात, मुळे माती धरून ठेवतात आणि पाने जमिनीवर पडून कुजतात. परिणामी थोड्या वर्षांच्या पडीनंतरही शेत पुन्हा उभे करता येते.

ह्याउलट कोकणातील राब भाजण्याची रीत विचार करावयास लावते. भाताच्या रोपांसाठी फांद्या, पाला, गवत व शेण ह्यांचे थर रचून वाफा भाजतात. त्यामुळे तणांचे बी जळते आणि रोपे जोमाने वाढतात. परंतु तो पाला डोंगरावरून येतो. म्हणजे वाफ्याला मिळालेला कस हा डोंगराचा कमी झालेला कस असतो आणि वारंवार छाटलेल्या झाडांखालची माती उघडी पडते. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला शेतात गाडणे, अथवा ताग व धैंचा ह्यांचे हिरवळीचे खत करणे, हे पर्याय म्हणूनच उपयुक्त ठरतात.

शेतातील टाकाऊ पदार्थ जाळण्याऐवजी कुजवून परत मातीत घालण्याची एक पद्धतशीर रीत इंदूर येथील संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड ह्यांनी बसविली व १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते. रासायनिक खते आणि चुना ह्यांनाही तांबड्या जमिनीत स्थान आहे; विशेषतः स्फुरदाची उणीव केवळ पाल्याने क्वचितच भरून निघते. परंतु ज्या मातीत कुथित द्रव्य उरलेले नाही, तिला घातलेल्या खताचा बराचसा भाग पहिल्या मोठ्या पावसाबरोबरच वाहून जातो.

एवंच, उष्ण प्रदेशातील कोणत्याही शेतीपद्धतीची परीक्षा करताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पावसाच्या पहिल्या सरी येतात तेव्हा माती झाकलेली असते काय? पिकाबरोबर जे शेताबाहेर गेले त्याची भरपाई होते काय? आणि वरच्या थरातील काळसर द्रव्य वर्षागणिक टिकते की घटते? नांगर कोणता आणि बियाणे कोणते, हे प्रश्न ह्यांच्यानंतरचे होत. मातीचा एक सेंटिमीटर जाडीचा थर तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. उघड्या उतारावरून तेवढाच थर काही पावसाळ्यांत वाहून जाऊ शकतो. ज्यांना त्याच जमिनीवर पुढील पिढीसाठी अन्न पिकवावयाचे आहे, त्यांनी तिच्यावरील हिरवे आच्छादन हेही पिकाइतकेच आवश्यक उत्पन्न मानले पाहिजे.