झोपेत दात खाणे : दोष जंतांचा नव्हे

सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेचे दिवस आले की घरोघरी पाहुण्यांची वर्दळ असते. मार्गशीर्षातली थंडी, एका खोलीत आठ-दहा अंथरुणे आणि मध्यरात्रीनंतर त्यातल्या एखाद्या अंथरुणातून येणारा कराकरा आवाज. खडे भरडावेत तसा तो आवाज ऐकून बाकीच्यांची झोप उडते. ज्याच्या तोंडून तो येतो, त्याला मात्र सकाळी काहीही आठवत नाही. आवाज लहान मुलाचा असेल तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे निदान ठरलेले असते. ‘पोराला जंत झालेत!’ मग वावडिंगाचा काढा तरी होतो किंवा औषधाच्या दुकानातून गोळी तरी येते.

हा समज बागलाणपुरता नाही. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत तो आढळतो, आणि इतर देशांतही आढळतो. मुलांच्या पोटात जंत असणे ही आपल्याकडे खरी आणि गंभीर समस्या आहे, यात शंका नाही. म्हणूनच २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडॅझोलची गोळी दिली जाते. ती मुलांना अवश्य द्यावी. परंतु जंतांमुळेच मूल दात खाते, असे सिद्ध करणारा भक्कम पुरावा आजवर हाती आलेला नाही. गोळी घेऊनही दात खाणारी मुले असतात, तसेच जंत असूनही शांत झोपणारी मुले असतात. या समजाचा खरा तोटा असा की गोळी दिल्यावर घरच्यांना आपले काम झाले असे वाटते, आणि मूळ कारणाकडे पाहायचे राहून जाते.

वैद्यकात या सवयीला ‘ब्रुक्सिझम’ म्हणतात. १९०७ मध्ये पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी तिला ‘ब्रुक्सोमॅनी’ असे नाव दिले होते; त्या नावातच वेडाची छटा होती. आज प्रचलित असलेला शब्द १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ झाला. त्यानंतर बराच काळ दंतवैद्यांची अशी समजूत होती की वरचे व खालचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, एखादा दात उंच राहतो, म्हणून माणूस तो घासून काढू पाहतो. त्या समजुतीपायी अनेकांचे निरोगी दात यंत्राने घासून ‘समतल’ करण्यात आले. हा सिद्धान्त आता मागे पडला आहे. २०१८ मध्ये विविध देशांतील तज्ज्ञांनी एकमताने जी व्याख्या मांडली, तिच्यानुसार ब्रुक्सिझम ही मुळात जबड्याच्या स्नायूंची हालचाल आहे आणि एरवी निरोगी असलेल्या माणसात ती विकार मानण्याचे कारण नाही. काहींच्या बाबतीत ती हानीचे निमित्त ठरते, एवढेच.

ही हालचाल होते कशी? झोप ही सलग व एकसारखी नसते. रात्रभरात मेंदू अनेकदा काही सेकंदांपुरता अर्धवट जागा होतो आणि पुन्हा झोपतो. त्याची आपल्याला जाणीवही होत नाही. झोपेच्या प्रयोगशाळेत केलेल्या नोंदींवरून असे दिसून आले आहे की अशा क्षणी प्रथम हृदयाचे ठोके किंचित वाढतात, मेंदूतील विद्युत्लहरी जलद होतात, आणि त्यानंतर गालातील मॅसेटर हा स्नायू लयीत आकुंचन पावू लागतो. चर्वण करावे तशी ही हालचाल अनेक निरोगी माणसांतही होते, मात्र दात एकमेकांवर घासले जातातच असे नाही. ज्यांच्यात तिची वारंवारता व जोर अधिक असतो, त्यांच्या शेजाऱ्याची झोप मोडते. म्हणजे दात खाण्याचा हुकूम मेंदूकडून सुटतो. दात बिचारे केवळ मधे सापडतात.

दिवसा दात आवळण्याची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे, आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही, कारण तिचा आवाज होत नाही. रागाने ‘दातओठ खाणे’ हा वाक्प्रचार मराठीने घडवला, तो निरीक्षणातूनच. कांद्याचा लिलाव चालू असताना ट्रॅक्टरशेजारी उभा असलेला बागलाणातील शेतकरी, तेल्याने डागाळलेली डाळिंबाची बाग पाहणारा बागायतदार, किंवा नाशिक-मुंबईच्या कार्यालयात संगणकाच्या पडद्यासमोर महिनाअखेरचा हिशेब जुळवणारा कर्मचारी, या साऱ्यांचे जबडे तासन् तास आवळलेले असू शकतात. मानसिक ताणाचा संबंध रात्रीच्या दात खाण्यापेक्षा या दिवसाच्या आवळण्याशी अधिक स्पष्टपणे आढळतो. करोनाच्या साथीत हे ठळकपणे समोर आले. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत तेथील सुमारे ७० टक्के दंतवैद्यांनी दात खाणाऱ्या व आवळणाऱ्या रुग्णांची संख्या वाढल्याचे सांगितले होते.

वास्तविक दिवसभरात आपल्या दातांना एकमेकांना टेकण्याचे काम फारच थोडे असते. जेवण व गिळणे मिळून सारा हिशेब काही मिनिटांचाच होतो. एरवी ओठ मिटलेले, दातांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट आणि जीभ टाळूला हलकेच टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. हे वाचत असताना आपले दात एकमेकांवर टेकलेले असतील, तर उपचाराची सुरुवात येथूनच करता येईल. फोन वाजला, पाणी प्यायलो, सिग्नलला थांबलो की जबडा तपासायचा आणि सैल सोडायचा. उपाय साधा वाटतो, पण दिवसाच्या सवयीवर याहून परिणामकारक असे फारसे काही उपलब्ध नाही. रात्रीच्या सवयीवर मात्र त्याचा किती उपयोग होतो, हे निश्चित सांगता येत नाही.

हानी कोणती, हेही नेमके समजून घ्यायला हवे. एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे, परंतु एकदा झिजला की तो पुन्हा तयार होत नाही. तो गेल्यावर आतील पिवळसर डेंटीन उघडे पडते आणि गार पाणी झोंबू लागते. दातांच्या कडा सपाट होतात, बसवलेली टोपी किंवा भरलेली चांदी निखळते, क्वचित दात उभा चिरतो. सकाळी उठल्यावर कानशिले ठणकणे, जबडा जड वाटणे, ही देखील खूण होय. मात्र झिजलेला दात म्हणजे ब्रुक्सिझमच, असे समजू नये. जात्यावरच्या पिठातून दगडाची कच पोटात जात असे, त्या पिढीचे दात भाकरीनेही झिजत. आज शीतपेये व वारंवार उलट होणारे पित्त हेच काम करतात, आणि त्यांचा उपाय निराळा असतो.

आपल्याकडे आणखी एक सापळा आहे. जबडा आखडतो, तोंड पुरेसे उघडत नाही, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण सुपारी, मावा किंवा गुटखा खाणारा असेल, तर त्याने ती दात खाण्यावर मुळीच ढकलू नये. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा घट्ट व पांढुरकी होत जाते. या विकाराचे रूपांतर पुढे कर्करोगात होऊ शकते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी हे रुग्ण संपलेले नाहीत. तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नसतील, तर दंतवैद्याकडे जाण्यास एक आठवडाही लावू नये.

ज्याच्या घोरण्यात मधेच श्वास अडकतो, जो दिवसा पेंगतो, ज्याचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, अशा माणसाचे दात खाणे हे निद्राश्वसनरोधाच्या सोबतीने असू शकते. तेथे दातांआधी श्वासाची तपासणी व्हायला हवी. नैराश्यावरील काही औषधांमुळेही, विशेषतः फ्लुऑक्सेटिन व सर्ट्रालिनच्या गटातील, दात खाणे सुरू झाल्याचे आढळते. पण ती परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. औषध देणाऱ्या डॉक्टरांना सांगितल्यास मात्रेत किंवा औषधात बदल करता येतो. मद्य, धूम्रपान व संध्याकाळनंतरचा चहा-कॉफीचा अतिरेक यांचाही या सवयीशी संबंध दिसतो.

मुलांच्या बाबतीत बहुधा धीर धरणे पुरते. दुधाचे दात पडायचेच असतात, आणि किशोरवयापर्यंत बहुतेकांची सवय आपोआप कमी होते. जबडा वाढत असल्याने त्यांना सहसा नाईट गार्डही देत नाहीत. परंतु मूल तोंडाने श्वास घेत असेल, घोरत असेल, तर टॉन्सिल व नाकामागील ग्रंथी वाढल्या आहेत का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. जंतांची गोळी देऊन जे हुकते, ते नेमके हेच.

मोठ्यांसाठी नाईट गार्ड हे दातांचे संरक्षण आहे, सवयीचा इलाज नव्हे. हेल्मेट घातल्याने अपघात टळत नाही, तसेच हे. बाजारात गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार गार्ड मिळतात. स्वस्त असले तरी ते नीट बसत नाहीत आणि काहींच्या बाबतीत मऊ वस्तू तोंडात आल्याने चावणे वाढते. दातांचा साचा घेऊन बनवलेले कठीण ॲक्रिलिकचे गार्ड अधिक योग्य. त्यासाठी साचा, बसवणी व नंतरची दुरुस्ती अशा दोन-तीन फेऱ्या होतात. सटाण्याहून नाशिक नव्वद किलोमीटरच्या आसपास, म्हणजे या फेऱ्या म्हणजे एस.टी.तला जवळजवळ पूर्ण दिवस. आधी गावातील दंतवैद्याकडे चौकशी करावी. तेथे सोय नसेल तर पंचवटीतील के.बी.एच. दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिक्षणाबरोबर उपचारही होतात. स्नायूत बोटॉक्सचे इंजेक्शन देण्याचा पर्यायही शहरांत सुचवला जातो. त्याने स्नायूचा जोर काही महिने कमी होतो, सवय जात नाही, आणि खर्च पुन्हा पुन्हा करावा लागतो. दात घासून ‘चावा जुळवून’ देण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. घासलेला दात परत येत नाही.

गार्ड रोज सकाळी साध्या पाण्याने व मऊ ब्रशने धुवावे. उकळते पाणी वापरू नये, त्याने त्याचा आकार बिघडतो. सहा महिन्यांनी दंतवैद्याकडे जाताना ते डबीसह बरोबर न्यावे. त्याच्यावर पडलेल्या चरे व खळग्यांवरून त्या सहा महिन्यांत आपण रात्री किती जोर लावला, हे डॉक्टरांना कळते.