वळताना झुकायचं नाही!

एक साधा प्रश्न. गाडी चांगल्या स्पीडमध्ये आहे आणि तुम्हाला डावीकडे वळायचंय. हँडल आधी कुठल्या बाजूला फिरवता?

'डावीकडे, अजून कुठे?' असं उत्तर बहुतेक जण देतील. पण प्रत्यक्षात आपले हात हँडल क्षणभर, अगदी किंचित उजवीकडे नेतात. त्यामुळे चाकं उजवीकडे सरकतात, गाडी डावीकडे झुकते आणि मग वळते. याला म्हणतात काउंटरस्टिअरिंग. विमानाआधी सायकलींचा धंदा करणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर यांच्या हे लक्षात आलं होतं. डावीकडे कसे वळता, हे त्यांनी बऱ्याच सायकलवाल्यांना विचारून पाहिलं, पण कुणालाच ते पूर्ण सांगता आलं नाही. आपलंही तसंच आहे. हे आपल्याला 'येतं', पण 'माहीत' नसतं. आणि गाडीला तिसरं चाक लागलं की नेमकं हेच आडवं येतं.

माझा मामेभाऊ सध्या हे सगळं नव्याने शिकतोय. (नाव छापायचं नाही ही त्याची अट, म्हणून इथे तो फक्त दादा.) अठराव्या वर्षापासून नऊ वर्षं गिअरची बाइक. मग अपघात. डाव्या पायात आता गाडी तोलण्याइतकी ताकद नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू, क्लास आणि अभ्यासिका सदाशिव पेठेत, राहायला सिंहगड रोडला. काही महिने त्याचा दिवस आम्ही कोण कधी मोकळे आहोत यावर ठरायचा. सकाळच्या टेस्टला कोण सोडणार, रात्री कोण आणणार? मग घरात साइड व्हीलवाली स्कूटर आली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक. मोजली तर चार होतात, पण सगळे तिला तीनचाकीच म्हणतात.

'आता काय, पडायची भीतीच नाही!' असं येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला म्हणायचा. पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात गाडी सरळ झकास गेली. वळणावर मात्र दादा सवयीने झुकला आणि गाडी निघाली सरळच!

शरीर शिकलेलं विसरत नाही

कारण सोपं आहे. बाजूची चाकं गाडीला झुकूच देत नाहीत. इथे हँडल रिक्षासारखं सरळ त्याच दिशेला वळवावं लागतं. वळताना गाडी तुम्हाला बाहेर फेकू पाहते, म्हणून अंग आतल्या बाजूला ठेवायचं आणि दोन्ही हातांनी हँडल धरून ठेवायचं. दादाचे खांदे पहिल्या आठवड्यात भरून आले होते.

दुसरा धडा ब्रेकचा. पुढे एक चाक आणि मागचा भाग रुंद, म्हणजे गाडीचा पाया त्रिकोणी. भर वळणात ब्रेक दाबला की वजन पुढच्या एकट्या चाकाकडे जातं आणि आतल्या बाजूचं चाक उचलू शकतं. म्हणून स्पीड वळणाआधीच कमी करायचा. 'पडायची भीती नाही' हे वाक्य थांबलेल्या गाडीपुरतंच खरं.

तिसरा धडा सगळ्यात अवघड. सिग्नलला गाडी थांबताना पाय टेकवायचा नाही. टूव्हीलरवर ही सवय इतकी मुरलेली असते की पाय आपोआप खाली जातो. इथे त्या पायाच्या मागूनच साइड व्हील येत असतं.

सवय मोडणं किती कठीण असतं, हे यूट्यूबवर 'स्मार्टर एव्हरी डे' पाहणाऱ्यांना आठवत असेल. डेस्टिन सँडलिन याने हँडल उलटं फिरणारी सायकल घेतली. डावीकडे फिरवलं की चाक उजवीकडे. ती जमायला त्याला आठ महिने लागले, त्याच्या लहान मुलाला मात्र दोनच आठवडे. जुनी सवय जितकी पक्की, तितका नवा धडा जड. नऊ वर्षं बाइक चालवलेल्या दादापेक्षा कधीच गाडी न चालवलेल्या माणसाला ही स्कूटर लवकर जमू शकते, ती यामुळेच.

खड्डा चुकवायचा कसा?

बाइकचा रस्त्यावर एकच माग असतो. खड्डा दिसला, जरा कट मारला, सुटलो. या गाडीचे माग तीन. मधलं चाक वाचवलं तर बाजूचं आत जातं. त्यात आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. बाइकवर ते कळतही नाही, पण ही गाडी सतत कडेकडे ओढते. आणि गर्दीत हँडल गेलं म्हणजे गाडी जाईलच असं नाही, कारण मागची रुंदी वेगळी.

कागदपत्रांचंही आहेच. गाडीतला बदल आरटीओत नोंदवावा लागतो आणि लायसन्सचा वर्गही वेगळा. कायद्यात पूर्वी या वर्गाला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या जागी 'अॅडॅप्टेड व्हेइकल' आलं. शब्दातला फरक बघा. आधी उणीव माणसात शोधली जायची, आता बदल गाडीत आहे.

आपण काय करू शकतो?

दादा आता रोज एकटा जातो. त्याला कौतुक नको आहे. 'भारी रे, हिंमत आहे तुझी' असं अनोळखी माणसाने सिग्नलला म्हटलं की तो वैतागतो. त्याचं मागणं फार साधं आहे आणि ते आपल्यासाठीच आहे.

अशी गाडी वळणाआधी स्लो झाली तर मागून हॉर्न मारू नका, तिला स्लो व्हावंच लागतं. हँडलची रुंदी बघून डावीकडून घुसू नका, साइड व्हील बाहेर असतं. आणि पार्किंग! दोन बाइकच्या मधली फट या गाडीला पुरत नाही. पायाने मागे ढकलत गाडी काढणं आपल्याला जमतं, त्याला नाही. अभ्यासिकेसमोर कुणी गाडी आडवी लावली, तर ती व्यक्ती येईपर्यंत तो अडकतो. मागच्या महिन्यात असाच चाळीस मिनिटं अडकला आणि टेस्ट बुडाली.

तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्येही अशी एखादी स्कूटर असेल. उद्या गाडी लावताना तिच्या मागे पुरेशी जागा सोडा.